अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: विमानाने अंतर किती आणि वेळ किती?

देवगडची मावशी
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण नेटवर जिथे जावं तिथे वेगळंच उत्तर मिळतंय, म्हणून इथे विचारते.

माझा भाचा लक्षद्वीपला, अगत्तीत नोकरीला आहे. त्याची धाकटी बहीण अंदमानात, पोर्ट ब्लेअरला. (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण आमच्या घरात अजून जुनंच नाव चालतं.) दोघं देवगडात एकत्र वाढली आणि आता एक या समुद्रात, दुसरी त्या समुद्रात. यंदा राखी हातानेच बांधायची, पोस्टाने पाठवायची नाही, असं दोघांनी ठरवलंय. चौकशी माझ्याकडे आली.

एका साइटवर अंतर २२४३ किमी, वेळ २ तास ४७ मिनिटं. दुसरीवर अंतर तेच, वेळ ३ तास १७ मिनिटं. तिकिटाच्या साइटवर गेले तर मध्ये कुठेतरी एक रात्र काढावी लागेल असं दिसतंय. यातलं कुठलं धरायचं?

खाडीकाठ
मावशी, तिसरं धरा. पहिली दोन विमानं अस्तित्वातच नाहीत. अगत्ती–पोर्ट ब्लेअर थेट सेवा नाही.

धावपट्टी
विमानतळावर नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सविस्तर.

त्या दोन्ही साइट्सनी एकच भागाकार केलाय. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, सरळ अंतर काढलं, ते आलं २२४३ किमी. मग ताशी ५०० मैल म्हणजे साधारण ८०५ किमी असा ठरावीक वेग धरून भागलं. २ तास ४७ मिनिटं आली. दुसऱ्या साइटने त्यात उड्डाणाचा आणि उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवला, की झाली ३ तास १७. विमान आहे की नाही, तिथे जेट उतरू शकतं की नाही, याच्याशी त्या गणिताला देणंघेणं नाही. उद्या तुम्ही देवगड ते कवरत्ती टाकलंत तरी ते मिनिटांसकट उत्तर देईल, आणि देवगडला विमानतळच नाही.

विमान कंपनी जो वेळ छापते तो वेगळा असतो. चाकांखालचे अडथळे काढल्यापासून ते दुसऱ्या टोकाला परत लावेपर्यंतचा तो सगळा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं येतं, रांगेत थांबणं येतं, वर घिरट्या येतात. चेन्नई–पोर्ट ब्लेअर बघा. अंतर साधारण १३७० किमी, नुसत्या भागाकाराने पावणेदोन तासांच्या आत बसतं. वेळापत्रकात मात्र दोन-सव्वादोन तास असतात.

सुरंगी
पण मग थेट विमान का नाही? जेट सव्वातीन तासांत पोचणार असेल तर आठवड्यातून एकदा तरी सोडायला काय हरकत आहे? दोन्ही केंद्रशासित प्रदेश, दोन्हीकडे केंद्राची माणसं नोकरीला.

धावपट्टी
@सुरंगी, हरकत कोणाची नाही, जागेची अडचण आहे. अगत्तीची धावपट्टी साधारण १२०० मीटर. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची २५०० मीटर, गोव्यातल्या मोपाची ३५००, पोर्ट ब्लेअरची सव्वातीन हजारांच्या पुढे. भरलेलं एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ बाराशे मीटरवर चालवता येत नाही. तिथे एटीआर चालतं, म्हणजे पंख्याचं. धावपट्टी आखूड म्हणून तेही कधी कधी पूर्ण भरून नेता येत नाही.

आता एटीआर ७२ घेऊन पोर्ट ब्लेअरला जाऊ म्हटलं, तर भरल्या विमानाचा पल्ला साधारण १५०० किमी. अंतर २२४३. शिवाय वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणजे साडेचार तासांच्या वर. थोडक्यात, जे विमान अगत्तीत उतरतं ते पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचत नाही, आणि जे पोर्ट ब्लेअरपर्यंत पोचतं ते अगत्तीत उतरत नाही.

बाबल्या
अरे बाबानू, दोघांकय गावाक बोलवा मां! आवशीच्या हातचो नारळीभात खाऊक मिळात तो येगळोच.

देवगडची मावशी
@बाबल्या, ताईचं अगदी हेच म्हणणं आहे. पण मुलीला रजा मोजकीच आहे, म्हणून आधी प्रवासाचे तास नीट कळायला हवेत.
@धावपट्टी काका, आता उलगडलं. ताईला वाचून दाखवलं, तिलाही कळलं.

मिलिंद_के
२२४३ हा आकडा तरी बरोबर आहे का? पृथ्वी गोल आहे. नकाशावर दोन ठिकाणं सरळ रेषेने जोडली तर ते खरं अंतर नसतं, विमानं वक्र मार्गाने जातात. मुंबई–न्यूयॉर्कचा मार्ग बघा, केवढा उत्तरेला वळसा आहे.

भूगोलाच्या बाई
मिलिंद, मुद्दा बरोबर, पण इथे लागू होत नाही. न्यूयॉर्क ४० अंशांवर आणि पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला, म्हणून तिथे फरक प्रचंड पडतो. अगत्ती सुमारे १०.८ अंश उत्तर, पोर्ट ब्लेअर ११.६. दोन्ही विषुववृत्ताच्या जवळ आणि जवळपास एकाच अक्षांशावर. हिशोब करून पाहिला. नकाशावरची सरळ रेषा आणि गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग यांत एका किलोमीटरचाही फरक येत नाही. तेव्हा २२४३ पक्कं.

ती रेषा जाते कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. अगत्तीहून निघाली की कोळिकोडच्या किंचित दक्षिणेला केरळात शिरते, तमिळनाडू आडवा कापून चिदंबरमच्या आसपास बंगालच्या उपसागरावर बाहेर पडते. म्हणजे वाटेत जमीन फक्त चारेकशे किलोमीटर, बाकी सगळा समुद्र.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली. पोर्ट ब्लेअर त्याच्या दहा-सव्वादहा अंश पूर्वेला, अगत्ती जवळपास तेवढंच पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य पोर्ट ब्लेअरला प्रमाणवेळेच्या ४१ मिनिटं पुढे आणि अगत्तीला ४१ मिनिटं मागे. बहिणीकडे उजाडल्यावर भावाकडे उजाडायला सुमारे १ तास २२ मिनिटं लागतात, आणि दोघांच्या मनगटावर वेळ एकच.

देवगडची मावशी
बाई, म्हणूनच! भाची सकाळी साडेपाचला फोन करते आणि भाचा अर्धवट झोपेत "अगं अजून काळोख आहे" म्हणून ओरडतो. आम्हाला वाटायचं आळशी झालाय.

सर्जेकोट
विमानाचं सगळं झालं, समुद्राचं कोणी बोललं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या होडीवर, म्हणून सांगतो.

हवेतून २२४३ किमी म्हणजे १२११ सागरी मैल. पण होडी तमिळनाडूवरून उडत नाही. मध्ये श्रीलंका. रामसेतूच्या भागात पाणी इतकं उथळ की मोठं जहाज तिथून जात नाही. म्हणजे कन्याकुमारी डाव्या हाताला ठेवून खाली उतरायचं, श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा आणि मग ईशान्येला तोंड करून सरळ अंदमान. मी चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) मोजलं तर १३८० ते १४०० सागरी मैल भरतात. आठ नॉटने, म्हणजे ताशी आठ सागरी मैलांनी, रात्रंदिवस चालवलं तरी सात दिवसांच्या वर. तेही समुद्र शांत असताना. श्रावणात त्या बाजूला कोण शहाणा तांडेल जाणार नाही. दर्याला नारळ वाहिल्यावरच आम्ही खरे बाहेर पडतो, मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली तरीही.

प्रवासी बोटी आहेत, पण त्या आपापल्या बाजूला. कोची–अगत्ती एक रात्र धरा, चेन्नई–पोर्ट ब्लेअर साधारण तीन दिवस. बोटीने जुळवायचं तर आठवडा गेला.

भूगोलाच्या बाई
सर्जेकोट, छान लिहिलंत. त्यात एक भर. दोन्ही द्वीपसमूहांत खाड्यांना अंशांचीच नावं आहेत. अंदमान आणि निकोबार यांच्या मध्ये टेन डिग्री चॅनल, इकडे मिनिकॉय आणि बाकी लक्षद्वीप यांच्या मध्ये नाइन डिग्री, मिनिकॉय आणि मालदीव यांच्या मध्ये एट डिग्री. शाळेत मुलांना नकाशावर बोट फिरवायला लावायची. अक्षांश पाठ करावे लागत नाहीत मग.

आंबोलीचा पाऊस
ऑगस्टमधला प्रवास आहे म्हणून वाऱ्याबद्दल. खाली आपल्याकडे नैऋत्येचा वारा असतो, पण पावसाळ्यात दक्षिण भारताच्या वर, बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार झोत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐन भरात. जेट विमानं त्याच्या खालच्या अंगाला उडतात. त्यामुळे त्या दिवसांत पोर्ट ब्लेअरहून चेन्नई-बंगळूरकडे येताना वारा पाठीला मिळतो, जाताना तोंडावर. फरक थोड्या मिनिटांचाच, पण दिशा आपण समजतो त्याच्या उलट आहे. एटीआर खूप खालून उडतं, त्याला हा झोत लागत नाही.

सुरंगी
मला अजून पटत नाही. धावपट्टी लहान आहे तर वाढवा. अगत्तीत राहणाऱ्या माणसाला रात्री दुखणं आलं तर त्याने काय करायचं? पावसात बोटी बंद. आपण इकडे मोपा झालं, चिपी झालं म्हणून खूश आणि त्यांनी बाराशे मीटरवर भागवायचं?

समुद्रफेणी
@सुरंगी, तळमळ कळते, पण बेट बघून या. अख्खं अगत्ती चार चौरस किलोमीटरही नाही. विमानतळ दक्षिणेच्या निमुळत्या टोकावर. उतरताना खिडकीतून दोन्ही बाजूंना फक्त पाणी, एका बाजूला खोल निळं, दुसरीकडे लगूनचं, म्हणजे प्रवाळाआडच्या उथळ पाण्याचं, हिरवट. चाकं टेकेपर्यंत जमीन दिसतच नाही. धावपट्टी वाढवायची म्हणजे पाण्यात, प्रवाळावर भराव घालायचा. तो प्रवाळ लाटा अडवतो म्हणून बेट टिकून आहे. मी तिथल्या मच्छीमाराशी बोललोय. त्याचं म्हणणं, मोठं विमान आलं तर चांगलंच, पण रीफ (हा प्रवाळ) गेला तर विमान उतरायचं कशावर?

सुरंगी
आजाऱ्याला हे उत्तर पुरत नाही.

समुद्रफेणी
नाही पुरत. म्हणूनच तिथे हेलिकॉप्टर आणि चांगलं रुग्णालय हवं, आणि ते जेटच्या आधी हवं. हे मी मनापासून म्हणतोय, वाद घालायला नाही.

सुरंगी
रुग्णालयाबद्दल एकमत. धावपट्टीबद्दल माझं मत कायम.

खाडीकाठ
दूरच्या बेटांवरून आठवलं. स्कॉटलंडमध्ये बारा नावाचं बेट आहे, तिथे विमान पुळणीवर उतरतं. नेहमीची प्रवासी सेवा! भरतीला धावपट्टी पाण्याखाली, म्हणून वेळापत्रक भरती-सुकतीवर ठरतं. आणि तिथूनच वर ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण: अंतर २.७ किमी, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं.

बाबल्या
दोन मिन्टात तर आमचो ड्रायव्हर गाडीचो दरवाजो लावता.

सर्जेकोट
भरती-सुकतीवर विमान! हे देवबागेत चालेल.

रत्नागिरीकर
अंदमानचा विषय निघाला आणि रत्नागिरी नाही, असं कसं? सावरकरांना 'महाराजा' नावाच्या जहाजातून मद्रासहून नेलं, ४ जुलै १९११ला ते पोर्ट ब्लेअरला पोचले. परत आणल्यावर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध. आज पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला त्यांचंच नाव. आणि ब्रह्मदेशचा थिबा राजा उलट्या दिशेने आला, १८८६ला रत्नागिरीत आणला तो १९१६ला इथेच गेला. एकाला इथून नेऊन तिथे डांबलं, दुसऱ्याला तिकडून आणून इथे. बंगालचा उपसागर आमच्या गावाला दूरचा वाटत नाही.

देवगडची मावशी
वाचून भरून आलं. पण मंडळी, राखी जवळ येतेय. मार्ग सांगा कोणीतरी.

मिलिंद_के
मी बसून अंतरं काढली. सगळी सरळ रेषेतली, अंदाजे:

कोची आणि चेन्नईमार्गे: अगत्ती–कोची ४६०, कोची–चेन्नई ५२०, चेन्नई–पोर्ट ब्लेअर १३७०. एकूण २३५०.
बंगळूरमार्गे: अगत्ती–बंगळूर ६५५, बंगळूर–पोर्ट ब्लेअर १६४०. एकूण २२९५.

म्हणजे बंगळूरवरून गेलं तर थेट रेषेपेक्षा जेमतेम पन्नास किलोमीटर जास्त. मला वाटलं होतं केवढा फेरा पडेल. फेरा नाहीच, बंगळूर जवळपास वाटेवरच आहे.

धावपट्टी
उत्तम काम केलंस, मिलिंद. आता मावशींना खरं उत्तर देता येईल. हवेतला वेळ बंगळूरमार्गे दोन्ही विमानं मिळून साडेचार तासांच्या आसपास: एटीआरचे पावणेदोन, जेटचे अडीच ते पावणेतीन. बाकी सगळा वेळ जमिनीवरचा. अगत्तीला दिवसाला मोजकी विमानं, पोर्ट ब्लेअरचीही बरीचशी सकाळ-दुपारची. एकाचं येणं आणि दुसऱ्याचं जाणं जुळलं नाही की रात्र मध्ये पडलीच. अंतर वाढत नाही, थांबणं वाढतं.

म्हणून तास न मोजता दोन दिवस धरा. पावसाळा आहे, एटीआर रद्द झालं तर पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशीच.

कणकवली_एक्सप्रेस
यात माझा कडू अनुभव जोडतो. कंपनीचं नाव घेत नाही. बेटावरून निघालेलं विमान हवामानामुळे चार तास उशिरा आलं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, वेगळं तिकीट. ते गेलं. पैसे परत नाहीत, कारण दुसरी कंपनी म्हणते आमचं विमान वेळेवर होतं. तेव्हापासून मी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळत असतील तरच एका दिवसात जोडतो. नाहीतर सरळ लॉजवर रात्र काढायची आणि शांतपणे झोपायचं.

समुद्रफेणी
आणखी एक, फार महत्त्वाचं. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. पोर्ट ब्लेअरला तसा लागत नाही. म्हणजे बहीण भावाकडे निघाली तर कागदपत्रांत वेळ जाणार. भावाने बहिणीकडे जावं, ते सोपं.

सुरंगी
किंवा दोघांनी बंगळूरला भेटावं. दोघांना एकेकच विमान.

बाबल्या
मी पयलोच सांगितलंय. गावाक येवा.

धावपट्टी
बाबल्याचा मुद्दा नीट तपासा. मोपाहून अगत्तीला २०२४ पासून थेट एटीआर सुरू झालं. अंतर साधारण ५७५ किमी, दीड-पावणेदोन तास. म्हणजे भावाला घरी येणं बंगळूरला जाण्यापेक्षाही जवळ. मोपाहून देवगड गाडीने अडीच-तीन तास. बहिणीला पोर्ट ब्लेअरहून एका ठिकाणी विमान बदलून गोवा. तिचा एक दिवस जाईल, पण तो तिला अगत्तीला जाताना गेलाच असता, वर परवाना. चालू वेळापत्रक मात्र तिकीट काढण्याआधी बघा, या मार्गांचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात.

देवगडची मावशी
दोघांशी बोलले. भाची म्हणाली, घरीच येते, आईलाही भेटणं होईल. भाचा मोपाला तिच्या आदल्या दिवशी उतरणार, विमान रद्द झालं तरी एक दिवस हातात राहील. तिने दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढलेत, @कणकवली_एक्सप्रेस तुमचं वाचूनच.

आता त्याचा नवा प्रश्न: तिथून सुकं खोबरं आणि मास (तिकडचा सुकवलेला ट्यूना) आणायचाय. चालेल का?

कणकवली_एक्सप्रेस
मास घट्ट बांधून आणा, वास सुटता कामा नये. कंपनीला आधी विचारलेलं बरं.

धावपट्टी
सुकं खोबरं नको! त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोकादायक मालात मोडतं. हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. तपासणीत काढून ठेवतील. आणि बॅग मऊ कापडी घ्यायला सांगा, एटीआरचे डोक्यावरचे कप्पे लहान असतात, कडक ट्रॉली बसत नाही.

देवगडची मावशी
कळवते त्याला. खोबरं इथे घरचंच आहे, तो नुसता आला तरी पुरे.